विश्लेषण : ना तंबू, ना स्टोव्ह, ना नकाशा... ६७ वर्षांच्या गेटवूड आजी ३३०० किलोमीटर कशा चालल्या?

ट्रेकिंगचे सामान विकणाऱ्या कोणत्याही संकेतस्थळावर गेले, की काही ग्रॅम वजन वाचवण्यासाठी काही हजार रुपये मोजायला लावणाऱ्या वस्तू समोर येतात. टायटॅनियमचे भांडे, मुठीत मावणारा गॅस-स्टोव्ह, पोस्टकार्डाएवढी घडी होणारे जॅकेट. पाठीवरचे ओझे जितके कमी तितकी चाल लांब, हे यामागचे तत्त्व. ‘अल्ट्रालाइट बॅकपॅकिंग’ या नावाने ते जगभर रूढ झाले असून या पंथाचे पूर्वज कोण, असा प्रश्न निघाला की एका अमेरिकी आजीचे नाव हमखास घेतले जाते. एमा गेटवूड हे ते नाव. गंमत अशी, की वरच्या यादीतली एकही वस्तू त्यांच्याजवळ नव्हती. १९५५ मध्ये वयाच्या ६७व्या वर्षी त्या घरी शिवलेली एक पिशवी खांद्याला अडकवून आणि कॅनव्हासचे बूट घालून घराबाहेर पडल्या आणि अमेरिकेच्या पूर्वेकडची अख्खी डोंगररांग एकट्याने चालून आल्या. त्यांच्या पिशवीत काय होते, त्या काय खात होत्या आणि मुळात त्या चालायला का निघाल्या, याविषयी...

ही वाट नेमकी किती मोठी?

अ‍ॅपलेशियन ट्रेल ही अमेरिकेच्या १४ राज्यांमधून जाणारी डोंगरवाट. दक्षिणेला जॉर्जिया, उत्तरेला मेन. बेंटन मकाय या वननियोजकाने १९२१ मध्ये ही कल्पना मांडली आणि १९३७ मध्ये सलग वाट तयार झाली. आज ती साधारण ३५०० किलोमीटर भरते. १९५५ मध्ये ती २०५० मैल, म्हणजे ३३०० किलोमीटरच्या आसपास होती. आपल्याकडच्या वाचकांनी हिमालयातल्या उंचीची कल्पना येथे करू नये. उत्तर टोकाचे कटाडिन शिखर जेमतेम १६०५ मीटर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही थोडे बुटके. खरा कस लागतो तो उंचीने नव्हे, तर चढ-उतार, पाऊस, दलदल, डास आणि महिनोन्महिने न संपणाऱ्या जंगलाने.

ही वाट एका दमात चालून गेल्याची पहिली नोंद १९४८ची. दुसऱ्या महायुद्धातून परतलेला अर्ल शेफर हा तरुण तो मान मिळवून गेला. त्यानंतरच्या सात वर्षांत मोजक्याच लोकांनी ते केले. १९५२ मध्ये मिल्ड्रेड नॉर्मन या महिलेनेही एका मोसमात पूर्ण वाट पायाखाली घातली होती, पण सोबत एक सहप्रवासी होता. एकट्या स्त्रीने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एका हंगामात जाणे, हे एमा गेटवूड यांच्याआधी कोणी केले नव्हते.

एमा गेटवूड कोण होत्या?

जन्म २५ ऑक्टोबर १८८७चा, ओहायो राज्यातल्या गॅलिया काउंटीतला. भावंडे पंधरा. वडील अमेरिकी यादवी युद्धात लढलेले आणि तिथे पाय गमावून बसलेले. पुढे दारू-जुगारात अडकलेले. एकेका पलंगावर चार-चार मुले झोपायची. एमा यांचे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंतच झाले, पण वाचनाचा नाद कायम राहिला. जंगलातली झाडे-झुडपे, कंद, पाला यांतले काय खाता येते आणि काय औषधी आहे, याची त्यांना चांगली जाण होती. कविताही करायच्या.

१९०७ मध्ये, १९ वर्षांच्या असताना, त्यांचे पी. सी. गेटवूड यांच्याशी लग्न झाले. नवरा महाविद्यालयात शिकलेला, शाळेत शिकवणारा, पुढे तंबाखूची शेती करणारा. गावात मान असलेला. त्यांना ११ मुले झाली. शेतावर राबणे, घर चालवणे, मुले वाढवणे हे सारे एमा यांच्या अंगावर, आणि त्यावर नवऱ्याची मारहाण. ही मारहाण अधूनमधून हात उचलण्यातली नव्हती. काही वेळा त्या मरता मरता वाचल्या. बाहेर वाच्यता केलीस तर वेड्यांच्या इस्पितळात टाकीन, ही धमकी वर असायची. एका माणसाच्या मृत्यूप्रकरणी हाच नवरा दोषीही ठरला. पण घरी लहान मुले आणि शेती आहे, या कारणाने त्याचा तुरुंगवास टळला.

मार चुकवायला एमा पळायच्या त्या रानात. तिथे शांत वाटते, हे त्यांना पन्नाशीच्या कितीतरी आधीच कळले होते. पुढे जे झाले त्याचे मूळ साहसात शोधण्यापेक्षा येथे शोधणे जास्त बरोबर आहे.

१९३७ मध्ये त्या घर सोडून कॅलिफोर्नियात नातेवाईकांकडे गेल्या. ९ आणि ११ वर्षांच्या दोन मुली मागे ठेवाव्या लागल्या, कारण त्यांना नेण्यापुरते पैसे नव्हते. काही काळाने त्या परतल्या आणि पुन्हा तेच सुरू झाले. १९३९ मध्ये तर नवऱ्याने त्यांचे दात पाडले, बरगडीला तडा गेला. झटापटीत त्यांनी पिठाची पिशवी त्याच्या अंगावर फेकली, आणि पोलिसांनी अटक केली ती त्यांनाच! गावच्या महापौरांनी त्यांचा सुजलेला चेहरा पाहिला, तेव्हा कुठे तुरुंगातून सुटका झाली. महापौरांनी त्यांना आपल्या घरी आसरा दिला. १९४१ मध्ये घटस्फोट मिळाला. त्या काळच्या ग्रामीण अमेरिकेत ही गोष्ट सोपी नव्हती. तीन दशकांहून अधिक काळाचा संसार असा संपला, तेव्हा त्या ५३ वर्षांच्या होत्या.

पहिला प्रयत्न कसा फसला?

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘नॅशनल जिओग्राफिक’चा ऑगस्ट १९४९चा अंक त्यांच्या वाचनात आला. त्यात अ‍ॅपलेशियन ट्रेलवर सचित्र लेख होता. वाट रुंद, नीट राखलेली, खुणा स्पष्ट, दिवसभराच्या चालीवर निवारे, असे काहीसे चित्र त्यातून उभे राहत होते. धडधाकट माणसाला सहज जमेल, असा एमा यांचा समज झाला. आजवर कोणा बाईने हे एकटीने केलेले नाही, हेही त्यांना समजले. त्यांनी मनाशी ठरवून टाकले.

जुलै १९५४ मध्ये त्या मेनमध्ये पोहोचल्या आणि कटाडिनवरून दक्षिणेकडे निघाल्या. ही चूक महागात पडली. या वाटेचे उत्तर टोक म्हणजे सर्वांत निर्जन भाग. शंभर मैलांच्या पट्ट्यात वस्ती अशी नाहीच. काही दिवसांतच त्या वाट चुकल्या. चष्मा फुटला. शिधा संपला. वनरक्षकांनी अखेर त्यांना गाठले आणि घरी परत जा, असे बजावले. त्या गेल्या. घरी मात्र या फजितीचा त्यांनी चकार शब्द काढला नाही.

येथे एक गोष्ट नोंदवायला हवी. हलक्या सामानाची थोरवी गाणारे पुष्कळ जण हा १९५४चा भाग गाळून टाकतात. पिशवी तेव्हाही हलकीच होती. कमी पडले ते वाटेचे ज्ञान आणि शिध्याचा हिशेब. पुढच्या हिवाळ्यात एमा यांनी ओहायोत चालण्याचा सराव सुरू केला. आधी घराभोवतीची एक फेरी, मग थोडे जास्त, आणि एप्रिलपर्यंत दिवसाला १० मैल. दुसऱ्या खेपेला त्यांनी दिशाही उलटी धरली. दक्षिणेकडून निघायचे, वस्तीच्या आसपासच्या भागात पाय आणि अंग मुरवून घ्यायचे, आणि निर्जन भाग शेवटी. मुलांना सांगितले इतकेच, की जरा चालायला जाते आहे. कुठे आणि किती, ते सांगितले नाही.

पिशवीत काय होते?

३ मे १९५५ रोजी जॉर्जियातल्या माउंट ओगलथॉर्पवरून त्या निघाल्या, तेव्हा पाठीवर सॅक नव्हती. जीन्सच्या जाड कापडाची, तोंडाला नाडी असलेली पिशवी त्यांनी स्वतः शिवली होती आणि ती एका खांद्यावर टाकली होती. आत एक लष्करी घोंगडी, पावसाळी कोट आणि न्हाणीघरात लावतात तो प्लास्टिकचा पडदा. हा पडदा म्हणजेच त्यांचा तंबू. पाऊस आला की अंगावर, रात्री ओल वाटली की अंगाखाली, आडोसा हवा असेल तर डोक्यावर. शिवाय कपड्यांचा एक जादा जोड, गरम कोट, खिशातला चाकू, टॉर्च, जखमेवर लावायच्या पट्ट्या, आयोडीन, व्हिक्सचे मलम, केसाच्या पिना, सपाता, पेन आणि छोटी टिपणवही. आणि हो, चौकटीच्या कापडाचा एक फ्रॉक, कोणाच्या घरी जायची वेळ आली तर झटकून घालण्यासाठी. झोपायची पिशवी नाही, होकायंत्र नाही, नकाशा नाही.

हे सारे शिध्यासकट २० पौंडांच्या, म्हणजे साधारण ९ किलोंच्या आत असायचे. बऱ्याचदा त्याहूनही बरेच कमी. त्या काळचे डोंगरभटके कॅनव्हासचा तंबू, लोखंडी किंवा लाकडी चौकटीची पाठपिशवी आणि चामड्याचे जाडजूड बूट घेऊन चालत. त्यांच्या ओझ्याच्या निम्मेही हे नव्हते.

आज या क्षेत्रात ‘बेस वेट’ नावाचे मोजमाप वापरतात. अन्न, पाणी आणि इंधन सोडून उरलेल्या सामानाचे वजन म्हणजे बेस वेट. ते १० पौंडांच्या, म्हणजे साडेचार किलोंच्या खाली आले की त्याला ‘अल्ट्रालाइट’ म्हणायचे, असा संकेत आहे. एमा यांनी कधी तराजू घेऊन हा हिशेब केला नसेल, पण पद्धत तीच होती. एका वस्तूची तीन कामे काढायची आणि ज्या वस्तूवाचून एक रात्र निघू शकते, ती घरीच ठेवायची. अकरा मुलांचा संसार तुटपुंज्या पैशांत केलेल्या बाईला ही पद्धत कोणी शिकवावी लागत नाही.

बुटांचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. त्यांनी ‘केड्स’ या कंपनीचे कॅनव्हासचे, रबरी तळव्यांचे बूट वापरले. आपल्याकडे शाळेत पी.टी.ला घालायचो, साधारण तसलेच. डोंगरात असले बूट घालणे तेव्हाच्या जाणत्यांना वेडेपणा वाटायचा. पण पायातले वजन प्रत्येक पावलाला उचलावे लागते, त्यामुळे ते पाठीवरच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त दमवते. साधारण पाचपट, असा हिशेब आज धरतात. शिवाय कापडाचा बूट भिजला तरी लवकर वाळतो. चामडे दोन दिवस ओले राहते आणि फोड आणते. तोटा एकच, ते टिकत नाहीत. संपूर्ण वाटेत त्यांचे सहा-सात जोड झिजले. म्हणजे एक जोड सरासरी ५०० किलोमीटर. आजचे लांब पल्ल्याचे चालणारे बहुतेक जण चामडी बूट सोडून हलके धावण्याचे बूट वापरतात, आणि त्यांचाही एक जोड याच्या थोडा पुढे-मागेच संपतो.

चूल नाही, मग खाणे कसे?

वाटेवरच्या स्वयंपाकाचे वजन दोन ठिकाणी बसते. एक, भांडी-स्टोव्ह-इंधन. दोन, अन्नातले पाणी. पहिल्याचे उदाहरण त्याच वर्षीचे आहे. १९५५ मध्ये बाजारात आलेला ‘स्वेआ १२३’ हा स्वीडिश पेट्रोल स्टोव्ह हलकेपणासाठी नावाजला गेला आणि पुढे कित्येक वर्षे गिर्यारोहकांचा लाडका राहिला. त्याचे वजन सुमारे अर्धा किलो. त्यात पेट्रोल, बाटली, पातेले आणि काडेपेटी धरली, की दीड किलोच्या घरात जाणारे प्रकरण झाले. आज गॅसच्या डबीवर बसणारा स्टोव्ह १०० ग्रॅमच्या आत मिळतो. पण लहानात लहान डबीतही १०० ग्रॅम गॅससाठी जवळपास तेवढेच वजन रिकाम्या लोखंडाचे वाहावे लागते.

एमा यांनी हा प्रश्नच निकालात काढला. स्टोव्ह नाही, पातेले नाही. शिजवावे लागेल असे काही घ्यायचेच नाही. पिशवीत मनुका, शेंगदाणे, दूध पावडर, सूपच्या वड्या आणि डबाबंद व्हिएन्ना सॉसेज. थोड्या पेपरमिंटच्या गोळ्या. ओळीने पाहिले तर यामागे चांगले डोके आहे. १०० ग्रॅम शेंगदाण्यांतून साधारण ५७० कॅलरी मिळतात, कारण त्यांत निम्मे तेल असते. एक ग्रॅम स्निग्धांश ९ कॅलरी देतो, पिष्टमय पदार्थ आणि प्रथिने ४च. दूध पावडरीत १०० ग्रॅमला ५००च्या आसपास. मनुकांत ३००, पण ही साखर चढावर लगेच कामी येते. सूपच्या वडीत ताकद जवळजवळ शून्य; तिचे काम घामातून गेलेले मीठ भरून काढण्याचे. पाणी झऱ्याचे. सह्याद्रीत शेंगदाणे-गूळ खिशात टाकून निघणाऱ्यांना यात नवे काही वाटणार नाही.

सॉसेजचे डबे मात्र या हिशेबात बसत नाहीत. पत्रा जड, आत पाणी, आणि १०० ग्रॅमला कॅलरी जेमतेम २३०. आजच्या मोजमापी भटक्यांनी तो डबा पिशवीतून पहिल्यांदा बाहेर काढला असता. पण आधीच शिजलेले, मीठ लागलेले मांस डबा उघडून तसेच खाता येते. दिवसभर भिजून आलेल्या माणसाला अशा वेळी कॅलरीचे तक्ते आठवत नाहीत.

रानाची भर होतीच. बेरीसारखी फळे आणि खाण्याजोगा पाला त्या ओळखत होत्या. लहानपणी शिकलेले ज्ञान या चालीत कामाला आले. आग त्या पेटवायच्या, पण मुख्यतः उबेसाठी. थंड रात्री सपाट दगड तापवून त्यांवर झोपायची त्यांची युक्ती होती. घोंगडीचे वजन न वाढवता ऊब मिळवायची ही सर्वांत स्वस्त रीत.

तरीही हा शिधा पुरणारा नव्हता. दिवसाला २०-२२ किलोमीटर डोंगर चढ-उतार करणाऱ्या माणसाला साडेतीन-चार हजार कॅलरी सहज लागतात. शेंगदाण्यांवर ते भागवायचे तर रोज पाऊण किलो खावे लागतील! मग बाकीचे आले कुठून? उत्तर सोपे आहे आणि अल्ट्रालाइटच्या पुस्तकांत ते फारसे ठळक केले जात नाही. ते आले लोकांच्या स्वयंपाकघरांतून. एमा वाटेवरच्या घरांची दारे ठोठावायच्या. कोणी जेवण दिले, कोणी रात्रीपुरती खाट दिली, कोणी वाटेसाठी पुडी बांधून दिली. काही घरांनी भटकी, भिकारीण समजून दारही बंद केले. तेव्हा त्या ओसरीवरच्या झोपाळ्यावर, सहलीच्या बाकांवर, पाल्याच्या ढिगावर झोपल्या. पिशवीतल्या त्या चौकटीच्या फ्रॉकचे वजन आता कळते. तो चैनीचा नव्हता. अनोळखी दारात उभे राहायचे तर नीटनेटके दिसावे लागते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्यांची चूल दुसऱ्यांच्या घरात होती, म्हणून ती पाठीवर वाहावी लागली नाही.

हलकेपणात धोका किती?

भरपूर. ऑगस्ट १९५५ मध्ये ‘कॉनी’ आणि पाठोपाठ ‘डायान’ ही चक्रीवादळे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आली. ‘डायान’च्या पुराने ईशान्य अमेरिकेत हाहाकार उडवला, किमान १८० बळी गेले. एमा तेव्हा याच पट्ट्यात चालत होत्या आणि अंगावर होता प्लास्टिकचा पडदा. व्हरमाँटमध्ये फुगलेला ओढा त्यांना एकटीने ओलांडता येईना. नौदलातले दोन तरुण तिथे भेटले. त्यांनी दोर बांधून, मधे आजींना धरून, पलीकडे नेले. ते भेटले नसते तर काय झाले असते, याचा विचार न केलेला बरा.

म्हणूनच गेटवूड आजींचे सामान जसेच्या तसे उचलणे शहाणपणाचे नाही. थंडीत ओली घोंगडी जीव घेऊ शकते. नकाशाशिवाय त्या एकदा हरवल्याच होत्या. कौतुक करायचे ते त्यांच्या काटकपणाचे आणि माणसे जोडण्याच्या हातोटीचे, पडद्याचे नव्हे.

वृत्तपत्रांना काय दिसले आणि काय दिसले नाही?

जूनमध्ये व्हर्जिनियातल्या एका वार्ताहराने त्यांना गाठले आणि बातमी पसरली. मग गावोगावचे वार्ताहर वाटेत उभे राहू लागले. ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’नेही दखल घेतली. ‘ग्रँडमा गेटवूड’ हे नाव घरोघरी झाले. मुलांनाही आई नेमकी कुठे आहे, ते असेच हळूहळू कळले. ११ मुलांची आई, २३ नातवंडांची आजी, कॅनव्हासचे बूट, खांद्यावर पिशवी. बातमीला आणखी काय हवे? गोड आजींची गोष्ट सगळ्यांनी आवडीने छापली. का चालता, या प्रश्नाला त्या दर वेळी वेगळे, बहुधा हलकेफुलके उत्तर द्यायच्या.

नवऱ्याबद्दल विचारले तर आपण विधवा आहोत, असे त्या सांगायच्या. पी. सी. गेटवूड तेव्हा हयात होता. तो १९६८ मध्ये वारला. घटस्फोटित म्हणवून घेणे त्या काळी नामुष्कीचे होते हे एक कारण असावे. आणि ते एक दार उघडले असते तर आतले सगळेच सांगावे लागले असते, हे दुसरे. चालण्याची बातमी त्यांनी सगळ्यांना दिली, मारहाणीची कोणालाच नाही. ती कहाणी सविस्तर पुढे आली २०१४ मध्ये, पत्रकार बेन माँटगोमेरी यांनी त्यांच्या रोजनिश्या आणि मुलांच्या आठवणी यांवरून चरित्र लिहिले तेव्हा. तोपर्यंत जवळजवळ साठ वर्षे लोक त्यांना फक्त एक गमतीदार आजी समजत होते. हा दोष आमच्या व्यवसायाचाही आहे.

२५ सप्टेंबर १९५५ रोजी, १४६व्या दिवशी, त्या कटाडिनच्या माथ्यावर पोहोचल्या. वजन बरेच उतरले होते. एकट्याच होत्या. तिथल्या वहीत सही केली आणि एक देशभक्तिपर गीत म्हटले. खाली उतरल्यावर त्यांनी या वाटेबद्दल जे मत दिले ते मासिकातल्या लेखाच्या नेमके उलटे होते. वाट कुठे बुजलेली, कुठे पडलेल्या झाडांनी अडलेली, निवारे मोडलेले. आधी माहीत असते तर आलेच नसते, अशा आशयाचे त्यांचे परखड बोलणे वृत्तपत्रांनी छापले. त्या प्रसिद्धीने वाटेच्या देखभालीकडे लक्ष गेले, असे या वाटेचे जाणकार मानतात. १९६८ मध्ये अमेरिकी संसदेने राष्ट्रीय पदभ्रमण मार्गांचा कायदा केला आणि या वाटेला सरकारी संरक्षण मिळाले.

त्यानंतर त्या थांबल्या का?

मुळीच नाही. आलेच नसते म्हणणाऱ्या आजी १९५७ मध्ये तीच वाट पुन्हा सलग चालल्या. ही वाट दोनदा पूर्ण करणारी त्या पहिली व्यक्ती, पुरुष धरूनही. १९५९ मध्ये, ७१व्या वर्षी, मिसुरीतल्या इंडिपेन्डन्सपासून ओरेगनमधल्या पोर्टलंडपर्यंत जुन्या वसाहतकऱ्यांच्या मार्गाने सुमारे ३२०० किलोमीटर त्या ९५ दिवसांत चालल्या. येथे सामानात एक भर पडली होती, ती छत्रीची. कारण डोक्यावर झाडे नव्हती, ऊन होते. १९६४ मध्ये अ‍ॅपलेशियन ट्रेल तुकड्या-तुकड्यांनी तिसऱ्यांदा पूर्ण केली. ओहायोत ‘बकआय ट्रेल’ या नव्या पायवाटेच्या उभारणीतही त्यांनी हात घातला आणि आपल्या काउंटीतल्या वाटेवर स्वतः खुणा रंगवल्या.

४ जून १९७३ रोजी, वयाच्या ८५व्या वर्षी, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. हलक्या सामानाची चळवळ तेव्हा जन्मलीही नव्हती. १९९०च्या दशकात रे जार्डिन या गिर्यारोहकाने घरी शिवलेल्या सॅक, तंबूऐवजी साधे छप्पर आणि चामड्याऐवजी कापडी बूट यांचा पुस्तकांतून पुरस्कार केला, तिथून तिची सुरुवात धरतात. मग कापड नायलॉनचे झाले, काठ्या कार्बनच्या झाल्या आणि किमती वाढत गेल्या. स्टोव्ह न नेता सुके अन्न बरणीत थंड पाण्यात भिजवून खाण्याची पद्धतही आता या मंडळींत रुळली आहे. अ‍ॅपलेशियन ट्रेलच्या सन्मान-दालनात गेटवूड यांचे नाव २०१२ मध्ये घेतले गेले.

ओहायोतल्या हॉकिंग हिल्स येथे, १९६०च्या दशकात, दर जानेवारीत त्या लाल गोल टोपी घालून लोकांना बर्फातून चालायला न्यायच्या. सुमारे १० किलोमीटरच्या त्या वाटेला आता त्यांचे नाव आहे. ही हिवाळी चाल अजूनही भरते आणि हजारो माणसे येतात. शिधा कोणी फारसा नेत नाही. निम्म्या वाटेवर, सीडर फॉल्सपाशी, स्थानिक मंडळी मोठ्या पातेल्यांतून घेवड्याचे गरम सूप आणि मक्याचा पाव देतात.